मुलांना कोविडचा बूस्टर द्यायचा का? सोलापुरातल्या आईबापांनी ठरवायचं कसं

टीव्हीवर नव्या उपप्रकाराचं नाव झळकलं की बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये तोच प्रश्न पुन्हा फिरू लागतो. "डॉक्टर, आमच्या पोराचा तिसरा डोस राहिलाय की हो, आता घेऊन टाकायचा का?" २०२५ च्या मे-जूनमध्ये जेएन.१ च्या कुळातले उपप्रकार पसरले, तेव्हाही हेच झालं. पुढच्या वेळीही हेच होईल.

धडधाकट मुलाला आज बूस्टरची गरज नाही, आणि आपल्या सरकारी लसीकरणात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी तिसरा डोस कधी आलाच नाही. त्यामुळे तो "राहिला" असं म्हणायलाही जागा नाही. मात्र काही घरांत हा प्रश्न खरोखरचा आहे. केमो चालू असलेलं मूल, किडनीच्या आजारासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारं मूल, जन्मतः हृदयाची गुंतागुंत असलेलं मूल. अशा आईबापांना "काही गरज नाही हो" एवढं ऐकून परत पाठवणं बरोबर नाही. तुमचं घर कोणत्या बाजूचं, ते कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, ते क्रमाने बघू. इंजेक्शन द्यायचं की नाही हे शेवटी तुमचे डॉक्टर सांगतील. त्यांच्यासमोर तयारीने बसता यावं म्हणून हा लेख.

आधी जन्मसाल बघा

कपाटातली फाइल काढण्याआधी मुलाचं जन्मसाल आठवा. निम्म्या घरांचा प्रश्न तिथेच संपतो.

मूल २००७ किंवा त्याआधी जन्मलेलं असेल, तर ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटासाठी जी मोहीम निघाली तिच्यात ते बसत होतं. त्या मुलांना कोव्हॅक्सिन मिळाली, २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस. कॉलेजांत, शाळांत शिबिरं झाली, आठवत असेल. ही मुलं आता अठरा ओलांडून गेली आहेत. त्यांचा तिसरा डोस हा मोठ्यांचा विषय झाला, त्याकडे नंतर येतो.

२००८, २००९ किंवा २०१० च्या मार्चच्या मध्यापर्यंतचा जन्म असेल, तर १६ मार्च २०२२ पासून कोर्बेव्हॅक्स सुरू झाली. तीही दोन डोसांची, अंतर तेच २८ दिवसांचं. पुढे ज्यांना बारा वर्षं पूर्ण होत गेली, त्यांनाही मोहीम चालू होती तोवर ती मिळाली.

मोहीम चालू असताना ज्यांची बारा वर्षं भरली नव्हती, त्या लहान मुलांना सरकारी मोहिमेत कोविडची कोणतीच लस मिळालेली नाही. २६ एप्रिल २०२२ ला औषध नियंत्रकांनी ६ ते १२ वर्षांसाठी कोव्हॅक्सिन आणि ५ ते १२ वर्षांसाठी कोर्बेव्हॅक्स आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर केली होती, पण ती शाळांपर्यंत आणि दवाखान्यांपर्यंत मोहीम म्हणून आली नाही. म्हणजे तुमची लेक आज पाचवीत असेल, तर तिचा पहिला डोसच झालेला नाही. तिच्यासाठी तिसऱ्याचा विचार करण्यात अर्थ नाही. लस सुरू करावी का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर तिच्या तब्येतीवर ठरतं.

मग कागद

मूल लसीच्या गटातलं असेल तर प्रमाणपत्र शोधा. त्यावर तीन गोष्टी बघायच्या: लसीचं नाव, तारखा, डोस किती. नावात काना-मात्रा चुकलीय, वय एका वर्षाने इकडेतिकडे झालंय, असल्या गोष्टींवर आत्ता वेळ घालवू नका.

प्रमाणपत्र हरवलं असेल तर को-विनवर ते नोंदणीच्या मोबाइल नंबरवरूनच निघतं, आणि घोळ नेमका तिथे होतो. त्या काळात एकाच नंबरावर घरातल्या बऱ्याच जणांची नोंद व्हायची. मामाचा नंबर, शेजारच्या काकांचा नंबर, शिबिरात शाळेतल्या बाईंनी दिलेला नंबर. आधी तो नंबर कोणाचा होता हे आठवा, मग ओटीपीसाठी त्या माणसाला फोन लावा. नंबरच बंद झाला असेल तर शाळेच्या दाखल्यांच्या फाइलमध्ये झेरॉक्स सापडण्याची शक्यता असते.

एकच डोस झालाय आणि दुसरा राहून गेलाय, अशी मुलं पुष्कळ आहेत. त्याने मुलाला अपाय होत नाही. पुढे कधी डॉक्टरांनी लस द्यायची ठरवली, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. त्या एका डोसाची तारीख कागदावर लिहून ठेवा.

तुमचं मूल कोणत्या गटात?

इथे घाई करू नका, कारण निर्णय इथेच होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये लसीकरणाचा प्राधान्यक्रम नव्याने मांडला. त्यात सहा महिने ते १७ वर्षांची निरोगी मुलं सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवली आणि प्रत्येक देशाने आपापली परिस्थिती, खर्च आणि इतर आजारांचा बोजा बघून ठरवावं असं सांगितलं. दीर्घ आजार असलेली मुलं मधल्या पायरीवर. प्रतिकारशक्ती फार कमी झालेली मुलं मात्र सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हातारी माणसं आणि गरोदर बायकांच्या बरोबरीने. पुढे ५ मे २०२३ ला संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं.

निरोगी मुलं खाली का? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये चौथं सीरो सर्वेक्षण केलं. त्यात ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्यांपैकी ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोविडच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. यातल्या एकालाही तोवर लस मिळालेली नव्हती. म्हणजे दुसऱ्या लाटेनंतरच निम्म्याहून जास्त मुलांना विषाणू शिवून गेला होता, बहुतेकांच्या घरी पत्ताही न लागता. ओमायक्रॉनची लाट त्यानंतरची. आज शाळेत जाणारं मूल कोविडपासून अगदी अस्पर्शित असेल, ही शक्यता फार कमी. अशा मुलाला आणखी एक डोस दिला तर संसर्गापासून मिळणारं जादा संरक्षण काही महिन्यांत ओसरतं. गंभीर आजाराचा धोका आधीच इतका कमी असतो की त्यात आणखी घट व्हायला फारशी जागा नसते.

आता ज्यांनी पान उलटायचं नाही, ते आईबाप. खालीलपैकी काही तुमच्या मुलाला असेल तर थांबा आणि नीट वाचा.

रक्ताचा किंवा इतर कर्करोग आणि केमो चालू असणं, किंवा नुकतीच संपलेली असणं. किडनी, यकृत किंवा बोन मॅरोचं प्रत्यारोपण. जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष. एचआयव्ही आणि सीडी-४ कमी. नेफ्रोटिक सिंड्रोम, ल्युपस, लहान मुलांचा संधिवात अशा आजारांसाठी जास्त मात्रेत लांबलेली स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. सिकलसेल. हृदयाचा गुंतागुंतीचा जन्मजात दोष. वारंवार भरती करावं लागणारा दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार. सेरेब्रल पाल्सीसारखी स्थिती, ज्यात मुलाला कफ बाहेर टाकता येत नाही. डाउन सिंड्रोम. आटोक्यात नसलेला मधुमेह. खूप जास्त लठ्ठपणा.

वर्षातून दोनदा सर्दी होणं, पावसाळ्यात शिंका येणं, "जरा अशक्तच आहे हो आमचा" ही आजीची तक्रार, हे या यादीत येत नाही. ऋतू बदलला की पंप घ्यावा लागणारा, पण एरवी मैदानावर पळणारा दमेकरी मुलगाही आपोआप जोखमीच्या गटात जात नाही. त्याचा दमा किती आटोक्यात आहे, ते डॉक्टरांना विचारा. घरी विड्या वळल्या जातात तिथे तंबाखूची धूळ मुलांच्या श्वासात जाते. अशा घरातल्या दमेकरी मुलासाठी विड्यांचं सूप दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर नेणं हे कोणत्याही बूस्टरच्या आधी करण्यासारखं काम आहे.

परदेशातल्या मावशीचा फोन

प्रत्येक घरात एक फोन येतो: "आमच्याकडे तर मुलांना दरवर्षी देतात." ऐकून घ्या, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिकडच्या लसी बहुतांशी एमआरएनए प्रकारच्या (विषाणूचं प्रथिन बनवण्याची कृती शरीराला देणाऱ्या) आहेत आणि चालू उपप्रकाराप्रमाणे बदलून येतात. आपल्या मुलांना मिळालेली कोव्हॅक्सिन ही निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूची आणि कोर्बेव्हॅक्स ही विषाणूच्या एका प्रथिनाच्या तुकड्याची लस, दोन्ही मूळ विषाणूवर बेतलेल्या. तिकडचा सल्ला जसाच्या तसा इकडे लावता येत नाही.

शिवाय तिकडेही एकमत राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२५ च्या मे महिन्यात सरकारने निरोगी मुलांसाठीची सरसकट शिफारस काढून घेतली आणि निर्णय पालक व डॉक्टर यांच्या चर्चेवर सोपवला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ऑगस्टमध्ये वेगळा सल्ला दिला: ६ ते २३ महिन्यांच्या सगळ्या बाळांना द्या, मोठ्या मुलांपैकी जोखमीच्यांना द्या. ब्रिटनमध्ये निरोगी मुलांना कोविडची लस दिलीच जात नाही. या भांडणात आपल्या कामाचा धागा एकच: जोखमीच्या मुलांना संरक्षण हवं, यावर डॉक्टरमंडळींत फारसा वाद नाही. वाद आहे तो निरोगी मुलांबद्दल.

मुलाला शिक्षणासाठी बाहेर पाठवणार असाल तर विद्यापीठाचा ताजा नियम लेखी मागवा. अमेरिकेच्या स्थलांतरित व्हिसासाठी कोविड लसीची सक्ती जानेवारी २०२५ मध्ये उठली. एजंट जुनाच कागद पुढे करत असेल तर हे सांगा.

जोखमीचं मूल असेल तर पुढची पायरी

पहिलं काम म्हणजे योग्य माणसाला विचारणं. कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांवर हा भार टाकू नका. मुलाचा मूळ आजार जे बघतात त्यांचं मत आधी घ्या. केमो बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमध्ये चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांचं, हृदयाचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालं असेल तर तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांचं, नेफ्रोटिकचं मूल सिव्हिलच्या बालरोग विभागात दाखवत असाल तर तिथलं. मग ते मत घेऊन आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे या.

जाताना फाइल पूर्ण न्या: शेवटचा डिस्चार्ज कागद, चालू औषधं आणि त्यांची मात्रा, कोविड लसीचं प्रमाणपत्र, नेहमीच्या लसींचं कार्ड, आणि गेल्या वर्षभरात कोविड झाल्याचा रिपोर्ट असेल तर तोही. औषधांची नावं लिहायला जमत नसेल तर पाकिटंच पिशवीत घाला. पूर्व भागातल्या कित्येक घरांत आजी तेलुगूतच बोलते, आणि आजारी नातवाचं खाणंपिणं, झोप, ताप हे सगळं तिलाच माहीत असतं. तिला बरोबर न्या आणि दुभाष्याचं काम तुम्ही करा.

तिथे बसल्यावर काय विचारायचं? माझ्या मते हे प्रश्न पुरेसे आहेत. याच्या आजारात कोविड झाला तर नेमका धोका कशाचा आणि किती? औषधांमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असताना लस कितपत लागू पडेल? द्यायचीच तर केमोच्या कोणत्या टप्प्यावर, स्टेरॉइडची मात्रा किती खाली आल्यावर? याच्या वयाला कोणती लस मंजूर आहे? आणि लस मिळाली नाही किंवा द्यायची नाही असं ठरलं, तर ताप आल्यावर पहिल्या दिवशी कोणाला फोन करायचा? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहूनच घ्या. रात्री अकराला मूल तापाने फणफणलं की आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही.

कोव्हॅक्सिन आणि कोर्बेव्हॅक्स या दोन्हींमध्ये जिवंत विषाणू नाही. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला "लसीमुळेच कोविड होईल" ही भीती निराधार आहे. त्याच्यात लस कमी लागू पडण्याची शक्यता मात्र खरी आहे.

कोविड नुकताच होऊन गेला असेल तर थांबा. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे नियम असा आहे की बरं झाल्यावर तीन महिन्यांनी डोस घ्यायचा, मोठ्यांचा तिसरा म्हणजे प्रिकॉशन डोससुद्धा.

मग येतो पुरवठा, आणि खरी अडचण इथे आहे. मागणी आटल्यावर दवाखान्यांनी लस ठेवणं सोडलं. एका कुपीत अनेक डोस असले आणि येणारं मूल एकच असलं, की बाकीचे वाया जातात, म्हणून कोणी कुपी फोडायला धजत नाही. रिक्षा करून सात रस्ता ते अक्कलकोट रोड हिंडण्याआधी फोन करा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, सिव्हिलमध्ये, मोठ्या सहकारी आणि खासगी रुग्णालयांच्या फार्मसीत विचारा. कुठे मिळालीच तर लसीचं नाव, वयाची मंजुरी आणि मुदत संपण्याची तारीख तिन्ही विचारा. या लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या वर जातो आणि दुपारी वीज गेली की घरगुती फ्रिजचा भरवसा नसतो. लसीसाठीचा खास फ्रिज आणि त्याच्या तापमानाची वही आहे का, हे विचारायला लाजू नका. चांगला दवाखाना ती वही दाखवतो.

कोणी "माझ्याकडून आणून देतो, घरी येऊन टोचतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

घरातल्या मोठ्यांकडे वळा

जोखमीच्या मुलाला लस मिळाली नाही, तरी त्याच्याभोवतीची माणसं सांभाळता येतात. १८ वर्षांपुढच्यांसाठी प्रिकॉशन डोस एप्रिल २०२२ पासून खासगीत पैसे देऊन मिळू लागला. मग १५ जुलै ते ३० सप्टेंबर २०२२ या काळात तो सरकारी केंद्रांवर फुकट होता. अंतरही नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणलं होतं. पुष्कळांनी तो घेतलाच नाही. तोवर लोकांची भीती ओसरली होती.

मधुमेही, रक्तदाबाचे, साठीपुढचे आजीआजोबा, गरोदर सून आणि जोखमीच्या मुलाची रोज काळजी घेणारी आई, यांनी आपापल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. सोलापुरातल्या घरात खोल्या दोन आणि माणसं सात, असं सर्रास असतं. तिथे कोणाला वेगळं ठेवणार? पण खोकला असलेल्याने बाळाला मांडीवर न घेणं, खिडकी उघडी ठेवणं आणि तोंडावर मास्क किंवा रुमाल बांधणं, एवढं कोणत्याही घराला जमतं.

सहा महिन्यांखालच्या बाळाला कोविडची लस कुठेच दिली जात नाही. त्याला आईकडूनच संरक्षण मिळतं. गरोदरपणी लस घ्यायला भारतात जुलै २०२१ पासून परवानगी आहे, आणि आईला कोविड झाला तरी स्तनपान थांबवायचं नाही.

जी मुलं आता अठरा पूर्ण झालीत, पुण्याला हॉस्टेलवर किंवा लातूरला क्लासला गेलीत, त्यांचे दोन डोस झालेत आणि तब्येत ठणठणीत आहे, त्यांनी तिसऱ्या डोससाठी परीक्षा बुडवून गावी येऊ नये. लस सहज मिळाली तर घ्यायला हरकत नाही, न मिळाली तर चिंतेचं कारण नाही.

ग्रुपवरचे मेसेज कसे वाचायचे

सगळे फॉरवर्ड खोटे नसतात, आणि म्हणूनच ते पसरतात. खऱ्याचा एक तुकडा घेऊन त्यावर भलताच निष्कर्ष चढवलेला असतो.

२०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं की त्यांच्या लसीने फार क्वचित रक्ताच्या गुठळ्यांचा गंभीर त्रास होऊ शकतो. ही बातमी खरी. आपली कोव्हिशील्ड त्याच सूत्राची, हेही खरं. पण कोव्हिशील्ड आपल्या मोहिमेत १८ वर्षांखालच्या कोणालाच दिली नव्हती. तुमच्या दहावीतल्या मुलाचा त्या बातमीशी संबंध नाही.

हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा दुर्मीळ त्रास एमआरएनए लसींनंतर दिसला, विशेषतः किशोरवयीन आणि तरुण मुलग्यांत, बहुतेक वेळा दुसऱ्या डोसानंतर आठवड्याभरात. तो खरा आहे आणि परदेशी सल्ले बदलण्यामागचं ते एक कारण आहे. आपल्या मुलांना सरकारी मोहिमेत एमआरएनए लस दिलेली नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंचा विषय निघाला की गाडी लसीवर येते. आयुर्विज्ञान परिषदेने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातल्या अशा मृत्यूंचा अभ्यास केला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. अभ्यास मोठ्यांचा आहे, मुलांचा नाही, हेही सांगायला हवं.

आणि ते वासराच्या रक्ताचं. कोव्हॅक्सिन बनवताना पेशी वाढवण्याच्या टप्प्यावर वासराचा सीरम वापरतात, हे खरं. पेशी वाढल्या की त्या धुतल्या जातात आणि तयार लसीत तो नसतो. जून २०२१ मध्ये आरोग्य मंत्रालयाने तसा खुलासाच केला होता. धार्मिक कारणाने कोणाला शंका असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका, एवढं समजावून सांगा.

नवराबायकोत किंवा सासूसुनेत मतभेद असेल, तर भांडण ग्रुपवर नको. दोघंही एकाच वेळी डॉक्टरांसमोर बसा. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगितलं की अर्धं गळतं.

द्यायचं ठरलंच तर त्या दिवशी

मुलाला रिकाम्या पोटी नेऊ नका. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या आणि पाणी पाजत न्या. किशोरवयीन मुलं सुईच्या भीतीनेच चक्कर येऊन पडतात, त्यामुळे बसवून किंवा आडवं करून टोचायला सांगा. नंतर अर्धा तास तिथेच थांबा. तीव्र ॲलर्जी आली तर बहुधा या वेळात येते आणि तिच्यावरचं ॲड्रेनलीनचं इंजेक्शन दवाखान्यातच असतं. आधी एखाद्या लसीने किंवा औषधाने अंगावर पित्त उठलं असेल, घसा सुजला असेल, तर ते टोचण्याआधी सांगा.

हात दुखणं, एक-दोन दिवस ताप, अंग मोडून येणं हे अपेक्षित आहे. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. ताप येण्याआधीच औषध पाजून ठेवायची गरज नसते. छातीत दुखणं, धाप, धडधड, न थांबणारी उलटी असेल तर लगेच दाखवा. त्रास गंभीर असेल तर डॉक्टरांना नोंद करायला सांगा, किंवा औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, १८००-१८०-३०२४ वर, तुम्ही स्वतः कळवा.

न द्यायचं ठरलं तर काय बघायचं

कोविडचा ताप आणि साधा ताप घरी बसून ओळखता येत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही. बघायचं ते मुलाकडे. शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, छातीखाली खळगा पडत असेल, मूल पाणीही पीत नसेल, सुस्त पडलं असेल, झटका आला असेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

अजून एक. कोविड होऊन दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना जोराचा ताप येतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ, पोटात दुखणं, उलट्या. याला एमआयएस-सी म्हणतात. दुर्मीळ आहे, ओमायक्रॉननंतर आणखी कमी झालंय, पण वेळेत उपचार लागतात. ताप तीन दिवसांहून जास्त टिकला आणि अशी लक्षणं दिसली, तर "महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना सर्दी-ताप होता" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि खरोखर राहिलेले डोस

२०२०-२१ मध्ये दवाखान्यात जायची भीती होती, सत्रं बंद पडली, मुलांच्या नेहमीच्या लसी मागे पडल्या. त्याची किंमत २०२२ च्या शेवटी दिसली. गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर उसळला आणि मुलं दगावली. बूस्टरच्या चौकशीला आलेल्या आईबापांना मी म्हणेन, पिवळं पडलेलं लसीकरण कार्ड काढा आणि त्यावरच्या रिकाम्या चौकटी बघा.

गोवर-रुबेलाचे दोन डोस, ९ महिन्यांनंतर एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा, झालेत का? डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला का? हा बहुतेकांचा राहतो, कारण मूल शाळेत जायला लागलं की कार्ड ट्रंकेत जातं. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा टीडी (धनुर्वात-घटसर्पाचा)? करोनाच्या काळात जन्मलेल्या मुलांची चौकट जास्तच काळजीने बघा.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर बूस्टरच्या आधी टायफॉइडच्या कॉन्जुगेट लसीचा विचार करा. ज्या शहरात कित्येक वर्षं चार-पाच दिवसांआड पाणी येत आलं आणि ते बॅरल, टाक्या, हंड्यांत साठवून प्यायची सवय झाली, तिथे टायफॉइड ही दारातली गोष्ट आहे. त्याच बॅरलवर झाकण घट्ट बसवलंत तर डेंग्यूचा डासही कमी होतो, आणि सोलापुरातल्या पालकांना दरवर्षी कोविडपेक्षा डेंग्यूच जास्त पळवतो. दमेकरी किंवा हृदयाच्या मुलाला फ्लूची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी. मुलींसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस, ९ ते १४ वर्षांच्या वयात दोन डोस पुरतात, पंधराव्या वर्षापुढे तीन लागतात.

सरकारी यादीतल्या राहिलेल्या लसी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आणि गावाकडे उपकेंद्रात फुकट मिळतात. सत्राचा वार आशाताईंना विचारा. कार्ड हरवलं असेल तरी जा, नवीन कार्ड तिथेच करून देतात. जुन्या नोंदी सापडल्याच नाहीत, तर कुठल्या लसी पुन्हा द्यायच्या ते तिथल्या सिस्टर आणि वैद्यकीय अधिकारी वयाप्रमाणे ठरवतात.